हौसाक्का, चाफा राहील म्हणालो होतो

हौसाक्का, तुमच्या दहाव्याला मी आलो होतो. घाटावर माणसं बरीच होती. मेढ्याहून तुमच्या माहेरची मंडळी आली होती. मी मागं, जिथं गाड्या लावल्या होत्या तिथंच उभा राहिलो. विधी आटोपल्यावर तुमचे मालक, आप्पा, एकेकाला हात जोडत माझ्यापर्यंत आले.

"कुठलं म्हनायचं पाव्हणं?"

"सांगलीचा."

"व्हय का. लय लांबनं आलासा. आन वळख कशी?"

चार वर्षं तुम्ही हायवेच्या डिव्हायडरवरची फुलझाडं सांभाळली आणि त्या कामावर मी सुपरवायझर होतो, एवढंच सांगायचं होतं. मी म्हणालो, "कामानिमित्त इकडं येणं असतं. ओळख होती." आप्पांनी मान हलवली. जेवून जावा म्हणाले. मी जेवलो नाही. गाडी काढली आणि कराडपर्यंत आरशात मागचं सुद्धा बघितलं नाही.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "आवं सायेब, मयताच्या दारात कोन खोटं बोलतं का?" मी बोललो. आणि तेही पहिल्यांदा नव्हे, हे तुम्हाला मरायच्या आधी कळलं होतं की नाही, या एका प्रश्नापाशी मी गेले पंधरा दिवस अडकून बसलोय.

तुम्ही कामाला पहिल्या दिवशी आलात तो दिवस मला आठवतो. उंब्रजच्या पुलाजवळ बायकांची नावं लिहून घेत होतो. तुमच्या कानात सोनं होतं, पायात चांगल्या चपला. मी म्हणालो, "बाई, हे रस्त्यावरचं काम आहे. ऊन, धूळ, बाजूनं ट्रक जातात. तुमचं घरचं शेत असेल की."

"हाय की. समदा ऊसच हाय. म्हनून तर आले."

मला समजलं नाही. मग तुम्ही पदरानं तोंड पुसत सांगितलंत, "उसाला फूल म्हंजी तुरा. आन तुरा आला की समदी कपाळाला हात लावत्यात, वजन घटलं म्हनून. आमच्यात फूल आलं की नुकसान हुतं सायेब. बांधाव एक झेंडू लावला तरी मालक म्हनत्यात, जागा खातंय. लगीन झाल्यापास्नं मी फुलाचं झाडच लावलं न्हाई. हितं तुमी फुलंच लावनार म्हनं. मग लिवा माजं नाव."

मिलिटरीतून रिटायर झालेल्या माणसाची बायको रस्त्यावर खुरपं घेऊन बसते म्हणून तुमचा मुलगा कसा भांडला, आप्पा चार दिवस कसे बोलले नाहीत, हे मला पुढं तुमच्याबरोबर कामाला असलेल्या शालनकडून कळलं. तुम्ही त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीत. नारिंगी जॅकेट लुगड्यावर चढवून तुम्ही सकाळी सगळ्यांच्या आधी हजर असायचात.

मी कृषी पदविका घेतलेला माणूस. माझा नकाशा तयार होता. एका ओळीत गुलाबी कण्हेर, मधे बोगनवेल, मैलोन्‌मैल एकसारखं. तुम्ही नकाशा बघितला नाहीत, पण रोपं उतरवताना बघितलीत आणि म्हणालात, "ह्ये काय सायेब? हितनं तितवर एकच रंग? माणसाला झोप लागंल की गाडी चालवताना."

मी सांगितलं, हायवेवर एकसारखंच चांगलं दिसतं, गाडीच्या वेगात बारकावे कळत नाहीत.

"गाडीवाल्यास्नी नसंल कळत. पर यष्टीत बसलेल्या म्हाताऱ्या बाईला कळतंय न्हवं? पाटी वाचता येत न्हाई तिला. उंब्रज आलं ह्ये तिला फुलावनं कळाय पायजे."

यावर आपण वर्षभर वाद घातला. टँकरचा पाइप धरून, जेवणाच्या सुट्टीत, पावसात झाडाखाली उभं राहून. तुम्ही कधी आवाज चढवला नाहीत आणि कधी माघारही घेतली नाहीत. शेवटी दुसऱ्या वर्षी कण्हेरीची काही रोपं मेली, तेव्हा उंब्रजच्या अलीकडं मी पिवळी टेकोमा लावली. घंटेसारखी पिवळी फुलं, लांबून दिसणारी. फुललं तेव्हा आमचे मोठे साहेब पुण्याहून पाहायला आले. खूश झाले. म्हणाले, "गावागणिक रंग बदलायची कल्पना छान आहे, कुणाची?" तुम्ही आळी करत दहा पावलांवर बसला होतात. मी म्हणालो, "सुचलं सहज." तुम्ही ऐकलंत. साहेब गेल्यावर म्हणालात, "बरं झालं सायेब, आता पुडल्या गावाला पांढरा तगर लावू द्याल." हसत म्हणालात. तुम्हाला फुलं हवी होती, नाव नको होतं. मला नाव हवं होतं. हा आपल्यातला फरक मला तेव्हाही दिसत होता, पण टोचत नव्हता.

माझी आई गेली तेव्हा मी बारा दिवस सांगलीत अडकलो. ऐन उन्हाळा. परत येताना मनाशी धरून चाललो होतो की अर्धी झाडं वाळली असणार. एकही वाळलं नव्हतं. टँकरवाल्याच्या घरी रोज सकाळी जाऊन तुम्ही त्याला उठवून आणत होतात. मी आल्यावर त्याबद्दल काही बोलला नाहीत. डबा उघडलात, भाकरी माझ्या हातावर ठेवलीत आणि म्हणालात, "आई गेली की मानूस एकदम थोरला हुतो. बसा जरा. झाडं कुटं पळून जात न्हाईत." त्या दिवशी कण्हेरीच्या सावलीत बसून मी रडलो. घरी बारा दिवसांत रडलो नव्हतो. दोन्ही बाजूंनी गाड्या जात होत्या आणि तुम्ही माझ्याकडं पाठ करून खुरपत राहिलात, मला कुणी बघू नये म्हणून.

आता पुढचं सांगतो. हे तुम्हाला अर्धंच ठाऊक होतं.

यंदा माघात कंपनीला पत्र आलं. रस्ता रुंद होणार, मधला पट्टा पूर्ण काढायचा. पाडव्यानंतर काम सुरू. आमच्या देखभालीची मुदतही तेवढ्यातच संपत होती. मोठ्या साहेबांनी फोनवर सांगितलं, "शेवटच्या दिवसापर्यंत झाडं हिरवी दिसली पाहिजेत. तरच काम नीट पूर्ण केल्याचं पत्र मिळेल. बायकांना आत्ताच काही बोलू नका, सोडून जातील." मी "हो" म्हणालो. त्यांनी मला धमकी दिली नाही, गळ घातली नाही. एका वाक्यात सांगितलं आणि मी एका शब्दात मान्य केलं.

सात आठवडे तुम्ही त्या झाडांना पाणी घातलंत. मी रोज बघत होतो. बोगनवेलीची छाटणी करताना तुम्ही विचारलंत, "आत्ता छाटली तर वैशाखात फुलंल न्हवं?" मी म्हणालो, "फुलेल." तुम्ही काट्यांनी हात ओरबाडून घेतलेत.

आणि मग चाफा.

मेढ्याला तुमच्या आईच्या अंगणात पांढरा चाफा होता. भावांनी स्लॅबचं घर बांधताना तो तोडला. तुम्ही त्याची एक फांदी आणून अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये लावली होतीत. दोन वर्षांत झाड तुमच्या डोक्याच्या वर गेलं. पण अंगणात ट्रॉली वळवायला अडचण होते म्हणून आप्पांनी ते हलवायला सांगितलं. तुम्ही मला येऊन विचारलंत. सकाळची वेळ होती, तुम्ही अजून जॅकेटही घातलं नव्हतं.

"सायेब, भन मसूरला ऱ्हाती, तिच्याकडं जागा हाय. तिकडं न्हिऊ, का आपल्या पट्ट्यात लावू? पुलाच्या अलीकडं रुंद जागा हाय बगा. हितं माज्या डोळ्याम्होरं ऱ्हाईल."

ते पत्र माझ्या बॅगेत होतं. मी म्हणालो, "लावा की."

तुम्ही दोन पावलं गेलात आणि परत वळलात. "ऱ्हाईल न्हवं, सायेब? परत हलवायची ताकद न्हाई माज्यात. आईचं एवडंच उरलंय."

"राहील," मी म्हणालो.

का म्हणालो, हे मी स्वतःला अनेकदा विचारलं. मसूरला न्या म्हणालो असतो तर तुम्ही का म्हणून विचारलं असतंत. तुमच्या नजरेला नजर देऊन मला थाप मारता आली नसती, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या बायकांना कळलं असतं. ही झाली सबब. खरं कारण याहून हलकं आहे. त्या घडीला "राहील" म्हणणं सोपं होतं. तुमच्या तोंडावर हसू आलं आणि मला बरं वाटलं. तुमच्या पुढच्या दिवसांचा विचार मी केलाच नाही.

चौघी बायकांनी मिळून ड्रम कापला, मातीचा गड्डा न फोडता झाड खड्ड्यात उतरवलं. मी वर उभा राहून, सरळ आहे का, डावीकडं झुकतंय, असं सांगत होतो. हौसाक्का, मी ते झाड सरळ करायला सांगत होतो. पंधरा दिवसांत त्याला टोकाशी कोवळी पानं आली. तुम्ही पहिलं पान दाखवायला मला रस्ता ओलांडून घेऊन गेलात.

जेसीबी आले त्या दिवशी मी इस्लामपूरला गेलो. तिथं एका नर्सरीत दुसऱ्या कामासाठी रोपं बघायची होती, पण ती त्याच दिवशी बघायची नव्हती. त्या आठवड्यात तुमची पाळी दुपारची होती, म्हणजे तुम्ही पोचाल तोवर सगळं उरकलेलं असेल, असा हिशोब मी केला होता. तुमचा फोन आला तेव्हा मी जास्वंदीच्या वाफ्यात उभा होतो. वाजू दिला. परत आला. परत वाजू दिला. नर्सरीवाला म्हणाला, "घ्या की साहेब, कुणाची तरी नड असेल." मी फोन बंद करून खिशात टाकला.

काय झालं ते मला शालननं आठवड्यानं सांगितलं. तुम्ही पोचलात तेव्हा उंब्रजचा पट्टा उखडून झाला होता. तुम्ही ओरडला नाहीत, कुणाला शिव्या दिल्या नाहीत. धुरळ्यात उभं राहून प्रत्येक डंपरवाल्याला हात करत होतात. "दादा, झाडं कुटं टाकतायसा? येवडंच सांगा." गाड्या चालू, आवाज, कुणी थांबेना. मग तुम्ही मला फोन लावायला लागलात. शालन म्हणाली, "आक्का म्हनत व्हत्या, सायबास्नी ठावं असंल. त्येंनी फोन उचलला की सांगत्याल."

मला ठाऊक होतं. सगळा माल महामार्गाच्या पलीकडच्या जुन्या खाणीत टाकायचा, ती जागा आदल्या दिवशी मीच ठेकेदाराच्या माणसाला दाखवली होती. तुम्हाला झाड परत नको होतं. तुम्हाला एक फांदी हवी होती. चाफ्याची हातभर फांदी पुरते. तोडल्या तोडल्या लावायचीही घाई नसते, चार दिवस सावलीत चीक सुकू द्यायचा आणि मग लावायची, जगतेच. हे मी शिकलोय, याच्या परीक्षा दिल्यात मी. एक फोन उचलून "खाणीत बघा" म्हणालो असतो तर तुमच्या आईचा चाफा आज मसूरला तुमच्या बहिणीच्या दारात असता.

पाचव्या दिवशी मी एकटा खाणीवर गेलो. वर मुरूम पसरून रोलर फिरवला होता.

त्यानंतर तुम्ही मला एकदाही फोन केला नाहीत. मी रोज वाट बघायचो आणि न आल्यावर सुटल्यासारखं वाटायचं. म्हणायचो, थोडं थंड होऊ दे, मग जाऊन भेटतो. तुमच्या आवडीची जुईची वेल घेऊन जातो. मग आषाढात एकदा उंब्रजच्या स्टँडसमोर गाडी थांबवली होती, ड्रायव्हर पाणी आणायला उतरला होता. तुम्ही पलीकडून येताना दिसलात. वाळला होतात. हातात पिशवी होती. मी खाली वाकून पायापाशी काहीतरी शोधतोय असं केलं. बराच वेळ शोधत राहिलो. वर बघितलं तर तुम्ही काचेजवळ उभ्या.

मी काच खाली केली.

"बरं हाय न्हवं, सायेब? लय वाळलायसा. येळंव जेवत न्हाईसा काय?"

"आहे बरं. तुम्ही कशा आहात?"

"हाय की. छातीत जरा जड वाटतंय, डाक्टरकडं चाललेय. घरी पोरीबाळी बऱ्या?"

"बऱ्या आहेत. हौसाक्का, मी..." एवढं म्हणालो. ड्रायव्हर पाण्याच्या बाटल्या घेऊन परत आला. मी म्हणालो, "जरा घाईत आहे. येतो एकदा घरी निवांत."

"या की," तुम्ही म्हणालात, आणि बाजूला झालात.

चाफ्याचं नाव तुम्ही काढलं नाहीत. माझ्याकडं रागानं बघितलंही नाही. तुम्ही शिव्या दिल्या असत्यात, गाडीवर दगड मारला असता, तर मला उत्तर देता आलं असतं. तुम्ही मला जेवणाचं विचारलंत. भाद्रपदात शालनचा फोन आला, आक्का गेल्या, झोपेतच गेल्या.

दहाव्याला खोटं बोलून आलो, ते लिहिलंच वर. त्यानंतर सांगलीत घरी मला बसवेना. बायको म्हणाली, "काय खुपतंय ते बोलून मोकळे व्हा." मी तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? ज्यांचं आहे त्यांच्याकडं जा." परवा सकाळी मी एकटा गाडी घेऊन तुमच्या घरी गेलो.

आप्पा सोप्यात खुर्चीवर बसले होते. मुलगा शेतावर गेला होता. सुनेनं पाणी आणलं. आप्पांनी मला ओळखलं. "सांगलीचं पाव्हणं न्हवं?"

"आप्पा, मी त्या दिवशी पूर्ण सांगितलं नाही," मी म्हणालो. "मी डिव्हायडरच्या कामावरचा सुपरवायझर."

मग जे वर लिहिलंय ते सगळं त्यांना सांगितलं. पत्र, "राहील" म्हणालो तो दिवस, न उचललेले फोन, खाण, स्टँड. सून दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. मला वाटत होतं आप्पा उठतील, गचांडी धरतील. फौजेतला माणूस, वय झालं तरी खांदे तसेच आहेत. मी त्याची वाटच बघत होतो म्हटलं तरी चालेल.

माझं झाल्यावर ते खुर्चीत पुढं सरकले. मग म्हणाले, "तुमाला ठावं व्हतं?"

"हो."

"झाड लावायच्या आदीपास्नं?"

"हो."

"तिनं मला असं सांगितलं न्हाई." त्यांचा आवाज बारीक झाला. "तिनं सांगितलं, माजंच चुकलं. सायेब नगं म्हनत व्हतं, मीच हट्टानं लावलं."

मी खाली बघत होतो. सून म्हणाली, "मलाबी आत्ती असंच म्हनल्या व्हत्या."

आप्पा बोलायला लागले ते माझ्याकडं न बघता. "मी लय बोललो तिला. रोज बोललो. सरकारी जागंत झाड लावतीस, अक्कल गहाण टाकली व्हतीस का, म्हनलो. चार लोकांत बोललो. मसूरला दिलं असतंस तर जगलं असतं, म्हनलो. ती आपली मुकाट ऐकून घ्यायची. एकदा बी म्हनली न्हाई की मला कुनी ऱ्हाईल म्हनून सांगितलं व्हतं." त्यांनी अंगणाकडं बघितलं. "अंगनात ठिवून दिलं असतं मी, तर काय बिगडत व्हतं? ट्रॉली वळवायला जागा पायजे व्हती मला."

हौसाक्का, तुम्ही माझं नाव का घेतलं नाहीत? मला वाचवायला? की माझ्यावर विश्वास ठेवल्याची तुम्हालाच लाज वाटली आणि ती नवऱ्याला दाखवायची नव्हती? पहिलं असेल तर मी त्या लायकीचा नाही. दुसरं असेल तर जी लाज माझी होती ती तुम्ही पाच महिने वागवलीत, रोज बोलणी खाल्लीत आणि छातीत जड होईतो कुणाला सांगितलं नाहीत. मी कितीही उलटसुलट केलं तरी तिसरं उत्तर मला सापडत नाही.

आप्पांनी मला माफ केलं नाही. मी माफी मागितलीही नाही, तोंडच नव्हतं. सुनेनं चहा आणला. तो दोघांच्या मधे स्टुलावर तसाच निवत राहिला. निघताना मी उभा राहिलो तेव्हा ते खुर्चीतून न उठता म्हणाले, "तुमी आलासा, सांगितलंसा. तुमचं तुमी मोकळं झालासा."

"नाही झालो, आप्पा."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं. "मीबी आता न्हाई हुनार. मगाशी तुमी येस्तवर मला वाटत व्हतं, मी बोललो ते बराबरच व्हतं." मग म्हणाले, "आता आपुन दोगांनी कुनाला सांगायचं?"

मी दारात चपला घातल्या आणि निघालो.

तुम्हालाच सांगायचं, हौसाक्का. स्टँडवर काचेपलीकडं तुम्ही उभ्या होतात तेव्हा सांगायचं होतं, ते आता सांगतो. तुमचं काही चुकलं नव्हतं. मी हट्ट मोडायला बघितलं नव्हतं, नको म्हणालो नव्हतो. तुम्ही दोनदा विचारलंत आणि दोन्ही वेळा मला माहीत होतं.